शॉन ओकेसीचं ‘जूनो अँड द पेकॉक’: ऐंशी खुर्च्यांच्या हॉलमध्ये

उत्तरडब्लिनकर · रविवार, सकाळी ११:२०

अकरा वर्षं या गावात राहतोय आणि हे नाटक पाहिलं नव्हतं. काल रात्री पाहिलं. नाट्यगृह म्हणजे चर्चच्या मागचा जुना हॉल. ऐंशी खुर्च्या, त्यातल्या काही डुगडुगणाऱ्या. हीटर लावला की संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून तो बंद. मंडळी हौशी. कॅप्टन झालेला गृहस्थ दिवसा बस चालवतो, आणि जूनो झालेल्या बाई निवृत्त नर्स आहेत.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९२२ चं डब्लिन. इंग्रजांशी तह झालाय, आणि तह मानणारे व न मानणारे आयरिश आता एकमेकांनाच गोळ्या घालताहेत. एका पडक्या हवेलीतल्या दोन खोल्यांत बॉइल कुटुंब राहतं. बाप स्वतःला कॅप्टन म्हणवतो. एकदा कोळशाच्या बोटीतून लिव्हरपूलला जाऊन आला, एवढाच त्याचा समुद्राशी संबंध. कामाचा निरोप आला की त्याचे पाय दुखायला लागतात. जॉक्सर नावाचा एक फुकट्या सतत त्याच्या मागे. आई जूनो एकटी कमावती, कारण मुलगी मेरी संपावर आहे. मुलगा जॉनी १९१६ च्या बंडात कमरेत गोळी खाऊन आला, पुढे बॉम्बने हात गेला. दिवसभर तो घरात बसून दचकत असतो. त्याच घरात राहणाऱ्या टँक्रेडबाईंचा मुलगा फिंग्लसच्या आडरस्त्यावर मरून पडलेला सापडलाय.

मग बेंथम नावाचा शिकलेला तरुण येतो. तुमच्या एका नातेवाइकाने मृत्युपत्रात तुमच्यासाठी पैसे ठेवलेत, म्हणतो. झालं! पैसा हातात यायच्या आत घरात उधारीवर सोफा येतो, भिंतीवर भडक चित्रं, कागदी फुलं, कॅप्टनच्या अंगावर नवा सूट, आणि ग्रामोफोन. तिसऱ्या अंकात कळतं की मृत्युपत्र लिहून देणाऱ्या बेंथमनेच घोळ घातलाय. नावं न घालता नुसतं ‘चुलतभाऊ’ लिहिलं, आणि मग जगाच्या कानाकोपऱ्यातून चुलतभाऊ उगवले. बेंथम इंग्लंडला पळाला. मेरीला दिवस गेलेत.

यादवी, दारू, देवधर्म यांवर या नाटकाच्या निमित्ताने भरपूर लिहिलं गेलंय. मला काल फक्त फर्निचर दिसलं. शेवटच्या अंकात दुकानाची दोन माणसं सामान परत न्यायला येतात. त्यांना दिग्दर्शिकेने अजिबात घाई करू दिली नाही. एकाने खुर्ची उलटी करून खालचा नंबर वाचला, दुसऱ्याने वहीत खूण केली. हॉलला दुसरं दार नाही, त्यामुळे सामान आमच्यामधूनच बाहेर गेलं. सोफ्याचा कोपरा माझ्या गुडघ्याला लागला. तिकडे पोरगा भीतीने पांढराफटक पडलाय, आणि मी मात्र सोफा दारातून कसा निघेल याचा हिशोब करतोय! घरी आल्यावर स्वतःचीच शरम वाटली. मग वाटलं, त्या बाईंना माझं नेमकं हेच करायचं असणार.

कोणी पाहिलंय का हे? तुमच्या प्रयोगात सामान कसं नेलं?

अर्धविराम · रविवार, दुपारी १२:०५

मी वाचलंय, एम.ए.ला होतं. खरं सांगू? मृत्युपत्र, फसवून पळणारा सुटाबुटातला तरुण, दिवस गेलेली मुलगी, फितूर निघालेला मुलगा. चार मेलोड्रामे एका पिशवीत कोंबलेत. मराठीत कोणी आज असं लिहिलं तर आपण त्याला मालिकेचा लेखक म्हणून हिणवू. आयरिश आहे, शंभर वर्षांचं आहे, म्हणून क्लासिक.

सोफ्याचा कोपरा लागला ती गंमत हॉलची. नाटकाची नव्हे.

तिसरी_घंटा · रविवार, दुपारी २:४०

अर्धविराम, चार गोष्टी एका पिशवीत आहेत हे खरं. पण पिशवी कशी शिवलीय ते बघा की.

पडदा उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत तीन वस्तू समोर येतात. मेरीच्या हातात वर्तमानपत्र, त्यात टँक्रेडच्या पोराच्या खुनाची बातमी. भिंतीवर मेरीमातेची तसबीर आणि खाली तांबड्या काचेच्या वाटीत तेवणारा दिवा. आणि बातमी ऐकवत नाही म्हणून उठून जाणारा जॉनी. टँक्रेडची खबर त्यानेच दिली होती, हे लेखकाने तिथेच सांगून टाकलंय. आपल्याला ऐकू येत नाही, कारण आपण लगेच कॅप्टन-जॉक्सरला हसायला लागतो. बायको आली म्हणून जॉक्सर खिडकीतून बाहेर छपरावर जाऊन लपतो, त्या वेळी कोणाला आठवतंय वर्तमानपत्र? विनोद इथे चव वाढवायला टाकलेला मसाला नाही. त्याच्या आड चोरी चाललेली असते.

आणि ‘आयरिश म्हणून क्लासिक’ हे पटलं नाही. ३ मार्च १९२४ ला डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा ओकेसी चव्वेचाळिशीला आलेला, रेल्वेत आणि इमारतींवर अंगमेहनत करून पोट भरणारा माणूस. शाळेत फारसा गेलेला नाही, डोळे लहानपणापासून अधू. नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या ज्या घरात एका खोलीत राहायचा तिथेच हे लिहिलं. बॅरी फिट्झजेराल्ड कॅप्टन, सेरा ऑलगुड जूनो. दोन वर्षांनी त्याचं पुढचं नाटक आलं, तेव्हा ॲबीच्याच प्रेक्षागृहात लोकांनी दंगा घातला. अभिजात मानून हार घालणारं गाव नव्हतं हो ते.

कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत मी पंधरा वर्षं उभा राहिलोय, तेव्हा एक अनुभवाचं सांगतो. असल्या नाटकात पडतो तो तिसरा अंक. पहिल्या दोन अंकांत कॅप्टनला टाळ्या मिळालेल्या असतात. नटाला त्या सोडवत नाहीत.

टेम्सकर · रविवार, संध्याकाळी ६:१५

तिसरी_घंटा काका, अगदी हेच! २०२४ मध्ये लंडनला गिलगुड थिएटरमध्ये पाहिलं होतं. मार्क रायलन्स कॅप्टन, चॅप्लिनसारखी मिशी वगैरे. जूनोच्या भूमिकेत जे. स्मिथ-कॅमरन. रायलन्स काय करतो ते बघत राहावं असा माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण तिसऱ्या अंकात घर कोसळत असताना माझ्या मागच्या रांगेतले लोक तो येण्याची वाट बघत होते. आला की हसायला तयार. जूनो शेजारी उभी राहून मरमर मरतेय आणि हे बघताहेत मिशीकडे.

सामान कसं नेलं ते आठवतच नाही मला. यावरून काय ते समजा.

लालबागची_लेक · रविवार, रात्री ९:५०

मी हे नाटक वाचलेलं नाही. नाव पण आज ऐकलं. पण फर्निचरचं वाचून राहवेना.

माझे बाबा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १९८१ च्या गणपतीत त्यांनी टीव्ही घेतला. काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, पुढे सरकतं शटर. हप्त्यावर. आमच्या मजल्यावरचा दुसरा टीव्ही. रविवारी सिनेमाला पोरं दारापर्यंत, मोठी माणसं गॅलरीत उभी. आईने त्याच्यासाठी पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं कव्हर विणलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. आधी सगळे म्हणत होते, महिनाभर फार तर. बाबाही म्हणाले. दोन हप्ते काकांनी भरले, एक आईच्या भिशीतून. मग कोणाकडेच राहिलं नाही. पावसाळ्याच्या आधी दुकानाची दोन माणसं आली. वाईट नव्हती ती, चपला बाहेर काढून आत आली. बाबा खाली नाक्यावर होते. ते मुद्दाम गेले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

एक गोष्ट डोळ्यासमोरून जात नाही. माणसांनी टीव्हीला हात लावायच्या आधी आई पुढे झाली, कव्हर काढलं, नीट चौकोनी घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. मग म्हणाली, “न्या आता.”

तुमच्या हॉलमधला सोफा पण गॅलरीतनंच गेला म्हणायचा, सगळ्यांच्या पुढ्यातून.

निळीशाई · रविवार, रात्री १०:३०

ताई, हे वाचून थोडा वेळ काही टाइपच करता आलं नाही.

उत्तरडब्लिनकर · रविवार, रात्री ११:१०

ताई, नाटकात असंच एक आहे. शेजारच्या मिसेस मॅडिगन ग्रामोफोन उचलून नेतात, कारण त्यांनीही कॅप्टनला पैसे उसने दिलेले. आणि न्युजंट शिंपी सूट घेऊन जातो. म्हणजे दुकानवाल्याच्या आधी शेजारीच येतात. ज्यांनी दुसऱ्या अंकात याच खोलीत बसून गाणी म्हटली, तेच.

कॅप्टनला पैसे येणार नाहीत हे आधीच कळलेलं असतं. तो कोणाला सांगत नाही, उधारी चालूच ठेवतो. मला तो इथे पहिल्यांदा नकोसा झाला.

अर्धविराम · सोमवार, सकाळी ८:४५

लालबागची_लेक, तुमच्या पोस्टपुढे वाद घालायचा नाही. पण एक विचारतो, राग मानू नका. तुमचे बाबा आणि हा कॅप्टन एका ओळीत बसतात का? तुमच्या बाबांना काम हवं होतं. कॅप्टनला नको आहे. कामगारांच्या घराची शोकांतिका म्हणायची आणि मध्यभागी एक आळशी, बढाईखोर, दारुडा बाप ठेवायचा, यात वरच्या वर्गाच्या प्रेक्षकाची सोय होते असं मला वाटतं. बघा, हे लोक असेच.

लालबागची_लेक · सोमवार, सकाळी १०:२०

राग कसला. मलाही वाचताना तेच खटकलं. बाबा संपात होते, रिकामटेकडे नव्हते. शेवटी सहा वर्षं एका सोसायटीत वॉचमन होते. दारूला शिवले नाहीत.

पण आमच्याच मजल्यावर कॅप्टन होता. नाव नाही सांगत. संपाच्या आधीसुद्धा महिन्यातले दहा दिवस खाडे. गोष्टी मात्र अशा सांगायचा की आम्ही पोरं जेवण विसरायचो. संप झाल्यावर त्याला बरंच झालं, कारण आता सगळेच घरी होते. त्याची बायको नाक्यावर भाजी विकायची. आम्हाला तो फार आवडायचा. तिला काय वाटत असेल हे कळायला मला माझं लग्न व्हावं लागलं.

तिसरी_घंटा · सोमवार, दुपारी १:००

अर्धविराम, तुमचा मुद्दा जुना आहे आणि दमदार आहे. ओकेसीवर डाव्या मंडळींनीही हा ठपका ठेवला होता. पण तो स्वतः त्यातलाच. १९१३ च्या टाळेबंदीत तो कामगार नेता लार्किनच्या युनियनच्या बाजूने होता, नंतर काही काळ आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाचा सेक्रेटरी. कामगाराला देव करणं त्याला जमलं नाही, एवढंच.

मेरीचा संप आठवा. कामावरून काढलेल्या एका मुलीसाठी या बाकीच्या बाहेर पडल्यात. तत्त्व म्हणजे तत्त्व, असं मेरीचं म्हणणं. जूनो तिला विचारते की दुकानदाराची उधारी तत्त्वाने फिटणार आहे का. जॉनीलाही ती सुनावते की हात गेला तेव्हाच तुझं सगळ्यात मोठं तत्त्व गेलं. आता यात बरोबर कोण? प्रत्येक प्रयोगात माझा कौल बदलत गेलाय.

जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ मध्ये आलं तेव्हा आम्ही स्पर्धावाले परळच्या कट्ट्यावर महिनाभर दुसरं काही बोलत नव्हतो. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा खून झालेला. संपानंतरच्या गिरणगावातलं एक घर, आई आणि तिची अधांतरी मुलं. तिथेही संपाची बाजू घ्यायची की नाही हा प्रश्न घरातल्या घरात भांडला जातो. लेखक वरून निकाल देत नाही. मला ती दोन नाटकं कायम शेजारच्या खोल्यांतली वाटली. यानं त्याचं घेतलं असं म्हणत नाहीये हं, उगाच वाद नको.

निळीशाई · सोमवार, दुपारी ३:३५

सगळे बापाबद्दलच का बोलताय? कालपासून नाटक वाचून काढलं, मला बाकी दोघांबद्दल बोलायचंय.

एक, जेरी डिव्हाइन. कामगार चळवळीतला, मेरीवर प्रेम करणारा. बेंथम पळाल्यावर तो परत येतो आणि मोठ्या मनाने म्हणतो की झालं गेलं विसरू, आपली माणुसकी मोठी आहे. मेरीला वाटतं याला सगळं कळलंय. त्याला पोटातल्या बाळाचं माहीतच नसतं. कळल्यावर त्याचा चेहरा… दोन वाक्यांत माणुसकी संपते. बेंथमपेक्षा मला याचा जास्त राग आला. बेंथमने निदान भाषण केलं नव्हतं.

दोन, जूनो संतीण नाही. दुसऱ्या अंकात टँक्रेडबाई मुलाच्या प्रेतयात्रेला खाली उतरतात, आक्रोश करतात. त्या गेल्यावर जूनो चक्क म्हणते की एका परीने त्या बाईला हे भोगायचंच होतं, घर त्या बंडवाल्यांना मोकळं सोडलं होतं ना. आणि पुन्हा ग्रामोफोन चालू! तिसऱ्या अंकात स्वतःचा मुलगा तसाच सापडल्यावर तिला हे आठवतं. तेव्हा मला पुरेसं वाईट वाटलं नाही, तो बंडवाला होता म्हणून, असं ती कबूल करते. आणि मग टँक्रेडबाईंचीच प्रार्थना तिच्या तोंडी येते, शब्दाला शब्द. रडण्यासाठी स्वतःचे शब्दसुद्धा नाहीत तिच्याकडे. शेजारणीचे उसने घेतलेत. उ.डब्लिनकर, तुमच्या उधारीच्या यादीत हेही घाला.

उत्तरडब्लिनकर · सोमवार, रात्री ८:०५

घातलं. हे मला सुचलं नव्हतं.

बाळाला बाप नाही असं मेरी रडते तेव्हा जूनो म्हणते, त्याहून चांगलं, त्याला दोन आया असतील. शनिवारी त्या नर्सबाईंनी हे वाक्य कोटाची बटणं लावता लावता, जवळजवळ पाठमोऱ्या उभं राहून म्हटलं. नेहमी इथे टाळी पडते म्हणे. हॉलमध्ये कोणी हललं नाही.

आता घराबद्दल, कारण मला व्यनितून दोघांनी विचारलं की चाळ म्हणजेच टेनेमेंट का. जवळची आहेत, पण जन्म वेगळा. आपल्या चाळी मजुरांसाठीच बांधल्या. बीडीडी चाळी तर नेमक्या याच काळातल्या, १९२० च्या दशकातल्या. डब्लिनच्या टेनेमेंट म्हणजे अठराव्या शतकातल्या सरदार-दरकदारांच्या हवेल्या. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद बंद होऊन कारभार लंडनला गेला, मागोमाग पैसेवाले गेले, आणि घरमालकांनी एकेक खोली भाड्याने लावली. म्हणजे छताला प्लास्टरची वेलबुट्टी, संगमरवरी चूल, आणि त्या खोलीत नऊ माणसं. जिन्याचे कठडे लोकांनी सरपणाला जाळले. १४, हेन्रिएटा स्ट्रीट हे असं एक घर २०१८ पासून संग्रहालय आहे. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात १७ कुटुंबं, सुमारे शंभर माणसं होती. १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवर अशी घरं कोसळून सात माणसं गेली, त्यानंतरच्या चौकशीत शहरातली वीस हजारांवर कुटुंबं एकाच खोलीत राहताना आढळली. त्या मानाने बॉइल मंडळी सुखवस्तू, दोन खोल्या आहेत!

गॅलरी मात्र नाही. अंधारा जिना. त्यामुळे कोण वर येतंय ते दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. जॉनीचं अर्धं नाटक त्या पावलांवर आहे.

आणि हे राहिलंच: दुसऱ्या अंकात बेंथम थिऑसॉफी झाडतो! वेद, योगी, सगळीकडे भरून राहिलेला प्राण. कॅप्टन तो शब्द ‘प्रॉना, प्रॉना’ करत तोंडात घोळवतो आणि हवेत फुंकर मारून दाखवतो. हॉलमध्ये मी एकटाच जरा उशिरा हसलो, कारण मला शब्द ओळखायलाच वेळ लागला. डब्लिनमध्ये १८८६ पासून थिऑसॉफीवाल्यांची शाखा होती, कवी येट्सच्या गोतावळ्यातली मंडळी त्यात. ओकेसीने ती सगळी हस्तिदंती चर्चा आणून उधारीच्या सोफ्यावर बसवली.

बॅटरीवाला · सोमवार, रात्री ९:१५

मी आयुष्यभर लाइट्स केले, मला एकच प्रश्न. तो तांबडा दिवा खरा होता का सेलवाला?

उत्तरडब्लिनकर · सोमवार, रात्री ९:२२

सेलवाला. चर्चच्या हॉलमध्ये मेणबत्तीला परवानगी नाही. विनोद समजा किंवा नका समजू.

टेम्सकर · मंगळवार, सकाळी ७:५०

कोणी मराठीत केलंय का हे? करायचं झालं तर बोली कुठली? आणि ते शेवटचं वाक्य? सगळं संपल्यावर, रिकाम्या खोलीत, पोरगा मेलाय हे माहीतही नसताना कॅप्टन झिंगून येतो आणि जगाची अवस्था ‘चॅसिस’ झालीय म्हणतो. ‘केऑस’ म्हणायचं असतं बिचाऱ्याला. हे मराठीत कसं आणणार?

तिसरी_घंटा · मंगळवार, सकाळी ११:३०

आम्ही एकदा पहिला अंक मराठीत करून बघितला होता, नुसतं वाचन. मालवणी केली. फसलं. मालवणी म्हटलं की प्रेक्षक हसायच्या तयारीनेच बसतो. तिसऱ्या अंकाला त्याला खाली उतरवायला क्रेन लागली असती.

शेवटी वाटलं, लालबाग-परळची चाळीची भाषा. कोकणीही नाही, घाटीही नाही, दोन्हीची खिचडी, मधे हिंदी आणि गिरणीतले इंग्रजी शब्द मोडूनतोडून.

लालबागची_लेक · मंगळवार, दुपारी १२:१०

बरोबर. आमच्यात ‘डिपार्टमेंट’ला ‘खातं’ आणि ‘बॉबिन’ला ‘बाबीण’. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तो आम्हाला कायम ‘जाबर’. आमच्या मजल्यावरच्या कॅप्टनला एक शब्द फार आवडायचा, ‘अनागोंदी’. पेपरात वाचलेला. म्हणायचा मात्र ‘अनागोधडी’. सगळीकडे अनागोधडी माजलीय वहिनी.

टेम्सकर · मंगळवार, दुपारी १२:१८

संपला विषय! अनागोधडी!!

अर्धविराम · मंगळवार, दुपारी १:४०

हे मात्र मान्य. ‘चॅसिस’पेक्षा सरस आहे, कारण गोधडी म्हणजे चिंध्या जोडून केलेलं काहीतरी. (मी बदललो असं समजू नका. मृत्युपत्र अजूनही मला खपत नाही.)

निळीशाई · मंगळवार, दुपारी २:०५

मला ती शेवटची एंट्रीच नको वाटते. जूनो आणि मेरी बाहेर पडल्या, खोली रिकामी, इथे पडदा पाडा. दोघा दारुड्यांना परत आणून आपल्याला हसवायचं कशाला?

तिसरी_घंटा · मंगळवार, दुपारी ४:५०

निळीशाई बाळ, हसू आलं का तुला वाचताना?

निळीशाई · मंगळवार, दुपारी ४:५८

आलं. म्हणून तर चिडले.

उत्तरडब्लिनकर · रविवार, दुपारी १२:४५

काल शेवटचा प्रयोग होता. पुन्हा गेलो, या वेळी बायकोला घेऊन. आणि एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी.

फर्निचरवाले आलेत. नाटकात अशी जागा आहे: ते सामान उचलत असताना मेरीमातेसमोरचा दिवा फडफडून विझतो, आणि जॉनी किंचाळतो की दिवा गेला, छातीत गोळी घुसल्यासारखं झालं. फर्निचरवाला म्हणतो, हा पोरगा वेडा व्हायला लागलाय. मग तह न मानणाऱ्यांची दोन माणसं येतात. जॉनी दयेची भीक मागतो, देशासाठी हात दिला म्हणतो. ते म्हणतात, टँक्रेडने जीव दिला. जपमाळ आहे का विचारतात आणि घेऊन जातात.

काल दिवा विझलाच नाही.

तांबडा, शांत, तेवतोय. जॉनी करणारा मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याने अर्धा क्षण तिकडे पाहिलं, मला वाटलं आता गडबडणार. आणि तो जळत्या दिव्याकडे बघत किंचाळला, दिवा गेला! दोन्ही हमालांनी एकदम मान वळवून दिव्याकडे पाहिलं. दिवा चालू. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि मग ते वेडा झाल्याचं वाक्य, एरवीपेक्षा बरंच हळू. माझ्या शेजारी बायकोने माझा दंड पकडला.

पुढचं सगळं त्या उजेडात झालं. त्याला नेलं. जूनो आली, पोलीस आल्याचं कळलं, मेरी म्हणाली देव नाहीच आहे, जूनो म्हणाली माणसांच्या मूर्खपणापुढे देव तरी काय करणार. मागे दिवा तसाच. सोफा गेलेला, खुर्च्या गेलेल्या, ग्रामोफोन गेलेला. शेवटी कॅप्टन आणि जॉक्सर झोकांड्या खात आत आले. बसचालक गृहस्थ मुरलेले निघाले. खिशातलं शेवटचं नाणं जमिनीवर टाकायच्या आधी त्यांनी दिव्याकडे एकदा पाहिलं, घरात कोणी आहे की काय असं. कोणी हसलं नाही.

नंतर चहाला दिग्दर्शिका भेटल्या. मी कौतुक करायला लागलो, तर त्या बिचाऱ्या माफी मागत होत्या.

बॅटरीवाला · रविवार, दुपारी १:३०

रिमोटचा सेल उतरला असणार. शेवटच्या प्रयोगाला नवा सेल टाकायचा कोणाला सुचत नाही, उद्या बंदच होणार म्हणून. आमच्याकडे यासाठी विंगेत एक माणूस नुसता सेल घेऊन बसायचा. तो मीच.

पण पोराला माझा सलाम सांगा.

अर्धविराम · रविवार, दुपारी २:१५

पुढच्या वेळी मुद्दाम असंच करतील बघा, आणि मग ते खोटं वाटेल.

तिसरी_घंटा · रविवार, दुपारी ३:००

पहिल्यांदाच सहमत. तुमच्याशी, अर्धविराम.

उ.डब्लिनकर, एक विचारायचं राहिलं. सामान परत कुठून आणलं होतं त्यांनी? सोफा वगैरे?

उत्तरडब्लिनकर · रविवार, दुपारी ३:२०

जूनो झालेल्या बाईंच्या घरचा. दर प्रयोगाला व्हॅनने यायचा आणि रात्री परत जायचा. काल मीही एका बाजूने धरला. दारातून काढताना तिरका करावा लागतो, आधी पाठ, मग पाय.

लालबागच्या ताई, विचारू का नको असं आठवडाभर चाललंय. ते क्रोशाचं कव्हर आहे का अजून?

लालबागची_लेक · रविवार, संध्याकाळी ५:४०

आहे की. एका कोपऱ्याला उसवलंय. मिक्सरवर घालते.